मेनोनाइट स्थलांतरित स्त्रीची कुळकथा कशी शोधावी? (एल्फ्रिडा क्लासन डिक यांच्या निमित्ताने)

सप्तपर्णी (धागाकर्ती):

विनिपेगला राहायला आल्यापासून शेजारच्या एका वृद्ध बाईंकडे माझे जाणे-येणे आहे. त्या मेनोनाइट आहेत आणि त्यांच्या आई १९२०च्या दशकात आजच्या युक्रेनमधून कॅनडात आल्या. गेल्या हिवाळ्यात त्यांनी जुन्या कागदांची एक पेटी माझ्यासमोर उघडली आणि त्यातल्या नावांचा मेळ घालायला मदत मागितली. घरचे तपशील जाहीर करायला त्यांची संमती नाही, म्हणून ते येथे देत नाही. मात्र कागद वाचताना पडलेले प्रश्न एका घरापुरते नाहीत, त्यामुळे हा धागा काढत आहे.

मेनोनाइट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. सोळाव्या शतकात बाळाचा बाप्तिस्मा अमान्य करून, जाणत्या वयात स्वतःच्या इच्छेने घेतलेलाच बाप्तिस्मा खरा मानणारा एक पंथ युरोपात निघाला. फ्रिसलंडमधील मेनो सिमन्स हे कॅथलिक धर्मगुरू १५३६ मध्ये आपले पद सोडून या पंथाला मिळाले आणि पुढे त्यांच्याच नावाने लोक ओळखले जाऊ लागले. शस्त्र हाती धरायचे नाही, हा त्यांचा दुसरा आग्रह. छळाला कंटाळून नेदरलँड्सकडचे बरेच जण डान्झिगजवळच्या व्हिस्तुला नदीच्या पाणथळ प्रदेशात गेले. पुढे रशियाच्या कॅथरिन राणीच्या निमंत्रणावरून १७८९ मध्ये आजच्या युक्रेनमधील नीपर नदीकाठी खोर्तित्सा आणि १८०४ मध्ये मोलोच्ना या वसाहती उभ्या राहिल्या. प्रत्येक पूर्ण शेतकरी कुटुंबाला ६५ देस्यातिना, म्हणजे सुमारे ७१ हेक्टर जमीन मिळाली आणि सैनिकी सेवेतून सूटही मिळाली. ही सूट जाणार असे १८७०च्या सुमारास दिसू लागले, तेव्हा १८७४ पासूनच्या काही वर्षांत सुमारे १८,००० लोक मॅनिटोबा, कॅन्सस आणि आसपास निघून गेले. मागे राहिलेल्यांनी क्रांती, यादवी, टायफसची साथ आणि १९२१-२२चा दुष्काळ पाहिला. त्यांच्यापैकी सुमारे २०,००० जण १९२३ ते १९३० या काळात कॅनडात आले.

या दुसऱ्या लाटेत एल्फ्रिडा क्लासन होत्या. त्यांचा जन्म १९१७ मध्ये, म्हणजे ऐन क्रांतीच्या वर्षी, रशियात झाला आणि १९२५ मध्ये त्या कॅनडात आल्या. पुढे त्या परिचारिका झाल्या आणि १९४२ मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटीच्या मदतकार्यासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे पीटर डिक यांची ओळख होऊन १९४४ मध्ये त्यांचा विवाह झाला. पीटर हेही रशियातच जन्मलेले. दुष्काळात त्यांच्या कुटुंबाला याच संस्थेच्या अन्नछत्राने जगवले होते आणि १९२७ मध्ये ते कॅनडात आले होते. महायुद्ध संपल्यावर या दोघांनी सोव्हिएत युनियनमधून निसटून आलेल्या मेनोनाइट निर्वासितांना दक्षिण अमेरिकेत पोहोचवण्याचे काम हाती घेतले. १ फेब्रुवारी १९४७ रोजी ‘व्होलेंडाम’ हे जहाज ब्रेमरहाफेनहून दोन हजारांहून अधिक निर्वासितांसह निघाले. बर्लिनमध्ये अडकलेल्या हजारभर लोकांना सोव्हिएत ताब्यातील प्रदेशातून रेल्वेने आणून ऐन वेळी या जहाजावर चढवले गेले.

आता माझा मुद्दा मांडते. ही हकिकत सांगताना बहुतेक जण बर्लिनची रेल्वे आणि पीटर यांची धडपड सांगून थांबतात. पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये, निर्वासितांची जहाजे घेऊन एल्फ्रिडा पुन्हा निघाल्या, तेव्हा पीटर बरोबर नव्हते. ‘चार्ल्टन मोनार्क’ या जुनाट जहाजाचे यंत्र भर समुद्रात बंद पडले आणि ते ब्राझीलच्या रेसिफे बंदराला ओढून न्यावे लागले. शेकडो बायका-मुलांची जबाबदारी अंगावर असलेल्या त्या तिशीच्या बाईची ही सफर इतिहासात दोन ओळींत संपते. सर्वज्ञात बाईची ही गत असेल, तर माझ्या शेजारणीच्या आईसारख्या अनाम मुलीचा माग काढायचा कुठे? जहाजाच्या यादीत ती ‘अमक्याची मुलगी’ आहे, मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) नोंदवहीत ‘तमक्याची बायको’ आहे आणि मधली दहा वर्षे कोरी आहेत.

जुनी_बखर:

सप्तपर्णीताई, विषय नेमका मांडला आहे. मधली दहा वर्षे कोरी दिसतात, याचे कारण आपण ती चुकीच्या वहीत शोधतो, असे मला वाटते. ती प्रवासकर्जाच्या वहीत शोधावीत.

१९२३ ते १९३० मध्ये आलेल्या बहुसंख्य कुटुंबांकडे भाड्यालाही पैसे नव्हते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने त्यांना उधारीवर आणले. ही उधारी सास्कॅचेवानमधील रोस्थर्नचे डेव्हिड टेव्ज आणि त्यांच्या अध्यक्षतेखालील वसाहत मंडळ यांच्या शब्दावर मिळाली होती. आधी आलेल्या मेनोनाइटांपैकी पुष्कळांना अनोळखी नातलगांच्या कर्जाला आपण जामीन राहावे, हे पसंत नव्हते. त्या अगोदर १९१९ मध्ये कॅनडाने मेनोनाइटांच्या प्रवेशावरच बंदी घातली होती आणि ती १९२२ मध्ये मॅकेन्झी किंग यांच्या सरकारने उठवली. खोर्तित्साहून निघालेल्या पहिल्या ७३८ जणांचा तांडा २१ जुलै १९२३ रोजी रोस्थर्नला पोहोचला, तेव्हापासून या कर्जाचे व्याज चढत गेले. त्यात १९३०ची मंदी आली आणि गव्हाचे भाव कोसळले. संपूर्ण कर्ज फिटले ते १९४६च्या नोव्हेंबरात आणि पुढच्याच फेब्रुवारीत टेव्ज वारले.

मग हे कर्ज फेडले कोणी? बापाच्या शेतावर रोख पैसा नव्हताच. रोख पैसा येत होता शहरातल्या बंगल्यांत राबणाऱ्या मुलींच्या पगारातून. सोळा-सतरा वर्षांच्या मुली विनिपेग, सास्काटून, व्हँकुव्हर येथे श्रीमंत इंग्रज घरांत मोलकरीण म्हणून राहत आणि पगारातला मोठा हिस्सा घरी पाठवत. गंमत पाहा. हे लोक शेतीच करतील, या अटीवर सरकारने त्यांना देशात घेतले होते, मंडळीतील वडीलधारे शहराला पापाचे आगर समजत होते आणि शेत वाचवण्यासाठी शहरात धाडायला मात्र घरातली मुलगीच सापडली.

या मुलींसाठी मंडळींनी शहरांत ‘मुलींची घरे’ काढली. विनिपेगमध्ये ॲना थीसन यांनी चालवलेले मेरी-मार्था गृह त्यांतले नाव घेण्याजोगे आहे. त्या स्वतःही रशियातूनच आलेल्या होत्या. नवी मुलगी स्टेशनवर उतरली की तिला तेथे आसरा मिळे, काम मिळवून दिले जाई आणि मालकीण कशी आहे याची चौकशीही होई. गुरुवारी दुपारी मोलकरणींना सुटी असे. त्या वेळी सगळ्या जणी तेथे जमत, आपली भाषा बोलत, गात, शिवणटिपण करत. आपल्या शेजारणीच्या आईची कोरी दहा वर्षे कदाचित अशाच गुरुवारांची असतील. पेटीत पावत्या असल्या तर त्या आधी पाहा, कारण मंडळाकडे भरलेल्या हप्त्याची पावती बापाच्या नावे असली तरी पाकिटावर शहराचा शिक्का असतो.

अक्षांश:

नावांच्या मेळाबद्दल थोडे लिहितो, कारण नवखा माणूस तेथेच फसतो.

या लोकांची आडनावे मोजकी आहेत. क्लासन, डिक, वीब, पेन्नर, फ्रीसन, रायमर, लेव्हन, यान्त्सन, थीसन हीच नावे गावोगाव येतात. स्त्रियांची नावे त्याहूनही कमी. काथारिना, आना, मारिया, हेलेना, सुझाना, आगाथा, युस्टिना, सारा, एलिझाबेथ, मार्गारेथा यांत जवळजवळ सगळे गाव बसते. त्यातच एखादे मूल दगावले की पुढच्या मुलीला तेच नाव देण्याची रीत होती. त्यामुळे एका आईच्या पोटी दोन किंवा तीन काथारिना नोंदलेल्या आढळल्या तर ती लेखनिकाची चूक समजू नये.

मधल्या आद्याक्षराकडेही लक्ष द्यावे. रशियात वडिलांचे नाव मध्ये लावण्याची पद्धत होती, आपल्याकडे लावतात तशीच. एल्फ्रिडांचे थोरले भाऊ सी. एफ. क्लासन यांच्या नावातला ‘एफ’ हा वडिलांच्या फ्रान्झ या नावाचा आहे. मॅनिटोबात आधीपासून राहणाऱ्या कित्येक कुटुंबांत मात्र मधले अक्षर आईच्या माहेरच्या आडनावाचे असते. म्हणजे एकाच गावातल्या दोन माणसांच्या नावात ‘डी’ असेल, तर एकाचे वडील डेव्हिड आणि दुसऱ्याची आई डिक घराण्यातली असू शकते. ही दुसरी रीत वंशावळ शोधणाऱ्याला वरदान आहे, कारण लग्नानंतर पुसले गेलेले बाईचे आडनाव तिच्या मुलाच्या नावात टिकून राहते.

तिसरी अडचण पुनर्विवाहांची. बाळंतपणात बायको जाई, टायफसने नवरा जाई आणि वर्षाच्या आत नवे लग्न होई. शेत आणि लहान मुले कोणाच्या तरी आधाराशिवाय तगत नसत. अशा घरात ‘माझी, तुझी, आपली’ अशी तिन्ही प्रकारची मुले एका छताखाली वाढत. त्यांची वाटणी पाहण्यासाठी प्रत्येक मोठ्या वसाहतीत अनाथांच्या मालमत्तेचे कार्यालय असे, त्याला ‘वायझेनआम्ट’ म्हणत. पती किंवा पत्नी वारल्यावर निम्मी मालमत्ता मागे राहिलेल्या जोडीदाराकडे जाई आणि निम्मी मुलांत वाटली जाई. त्यात मुलींचा वाटा मुलांइतकाच असे. हे वाचून आपल्याकडच्या कित्येक लेकींना हेवा वाटेल. तथापि मोलोच्नात शेताचे तुकडे पाडायला मनाई होती, म्हणून वाटा पैशात निघे आणि जमीन बहुधा एका मुलाकडे जाई. शिवाय विधवेच्या वतीने बोलायला पुरुष पालक नेमला जाई. असे असले तरी या वाटणीच्या नोंदींत मुलींची नावे, वये आणि पालक कोण हे स्पष्ट लिहिलेले असते, म्हणून बाईचा माग काढायला त्यांच्याइतका भरवशाचा कागद नाही.

आणखी एक. रशियात १९१८ पर्यंत जुनी दिनदर्शिका चालत होती. एकोणिसाव्या शतकातील तारखेत १२ दिवस आणि विसाव्या शतकातील तारखेत १३ दिवस मिळवल्याशिवाय कॅनडातील कागदाशी ती जुळत नाही. एकाच आजीच्या दोन जन्मतारखा सापडल्या तर आधी फरक मोजावा.

शंकासुर:

आतापर्यंतच्या प्रतिसादांत छळ, दुष्काळ, कर्ज, कष्ट आले. ते खरेच आहे. परंतु ‘व्होलेंडाम’वरच्या निर्वासितांविषयी लिहायचे तर १९४१ ते १९४३ ही दोन वर्षे गाळता येणार नाहीत.

१९३७-३८ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी मेनोनाइट गावांतील पुरुषांना रात्री-अपरात्री उचलून नेले. बहुतेक परत आले नाहीत. त्यामुळे १९४१ मध्ये जर्मन सैन्य आले, तेव्हा या बायकांना सुटका झाल्यासारखे वाटले, हे समजू शकते. पण त्याच सैन्याने १९४२ मध्ये खोर्तित्सापासून हाकेच्या अंतरावरील झापोरिझ्झिया शहरातील ज्यूंची कत्तल केली. मेनोनाइटांना ‘जर्मन वंशाचे’ म्हणून धान्य, शाळा, नोकऱ्या मिळाल्या. काही पुरुष दुभाषे झाले, काही पोलीस दलात आणि घोडदळात गेले. १९४२च्या शरद ऋतूत हिमलर स्वतः मोलोच्नातील हाल्बश्टाटला येऊन गेला. १९४३ मध्ये जर्मन सैन्य माघारी फिरले तेव्हा सुमारे ३५,००० मेनोनाइट त्याच्याबरोबर पश्चिमेला निघाले. त्यांतील बहुतांश जणांना सोव्हिएत फौजांनी पुन्हा पकडून पूर्वेला पाठवले आणि सुमारे १२,००० पश्चिमेत टिकले.

कुळकथेशी याचा थेट संबंध असा की, या लोकांच्या वंशावळींचा एक मोठा साठा नाझी नागरिकत्व कार्यालयाच्या अर्जांत आहे. त्यात अर्जदाराच्या आजी-आजोबांपर्यंतची नावे, जन्मगावे, आईचे माहेर असे सगळे नीट भरलेले असते. ही माहिती इतकी तपशीलवार का आहे, तर ‘रक्त’ किती टक्के जर्मन हे ठरवायचे होते म्हणून. पुढे १९४७ मध्ये निर्वासितांना आंतरराष्ट्रीय मदत मिळावी म्हणून हेच लोक मुळात डच आहेत, असे मेनोनाइट सेंट्रल कमिटीने मांडले. आजीच्या कागदांत एका वर्षी जर्मन आणि पाचच वर्षांनी डच असे लिहिलेले दिसले, तर दोन्ही नोंदी त्या त्या वेळच्या दाराची किल्ली म्हणून वाचाव्यात.

सप्तपर्णी:

शंकासुर, हा प्रतिसाद हवाच होता. शेजारच्या बाईंची आई १९२० च्या दशकातच निघाल्यामुळे तिच्या कागदांत हा भाग नाही, पण तिच्या मागे राहिलेल्या बहिणींच्या पत्रांत तो आहे आणि त्या विषयावर घरात कोणी बोलत नसे, असे बाई सांगतात.

रेवातीर:

मागे राहिलेल्या बहिणींचा उल्लेख आला म्हणून पॅराग्वेविषयी लिहिते. ‘व्होलेंडाम’चे उतारू ब्यूनोस आयर्सला उतरले तेव्हा पॅराग्वेत यादवी पेटली आणि कित्येकांना तंबूंत अडकून पडावे लागले. त्यानंतर त्यांनी दोन वसाहती वसवल्या. एकीचे नाव जहाजावरून व्होलेंडाम ठेवले आणि दुसरी नॉयलांड, ती चाको प्रदेशातील काटेरी रानात. नॉयलांडमधील फ्रीडेन्सहाइम या गावाला लोक ‘बायकांचे गाव’ म्हणत, कारण तेथे बहुतेक घरांत कर्ता पुरुष नव्हता. विहीर खणणे, झाडे तोडणे, विटा पाडणे, बैल हाकणे ही सगळी कामे बायकांनी आणि पोरवयाच्या मुलांनी केली.

त्यांच्यापुढे एक वेगळाच पेच होता. नवरा १९३८ मध्ये नेला, तो मेला की सैबेरियात जिवंत आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अशा बाईला पुन्हा लग्न करता येईल का, यावर मंडळीत वाद झाले. काहींनी लग्न केले आणि पंधरा-वीस वर्षांनी सैबेरियातून पत्र आले. अशा घरांच्या वंशावळीत एक रेघ दोनदा ओढलेली आढळते. तिच्याकडे पाहून कोणी नाक मुरडू नये, एवढीच माझी विनंती.

मी मूळची छत्तीसगडची, त्यामुळे भारताचा धागाही जोडते. धमतरीला अमेरिकी मेनोनाइट मिशन १८९९ मध्ये आले, ते दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर. तेव्हा तो भाग मध्य प्रांतात होता आणि कारभार नागपूरहून चाले. १९०० च्या अखेरीस भारतात येऊन पुढे चांपा येथे स्थिरावलेले पी. ए. पेन्नर यांचा जन्म रशियाचा. लहानपणी ते आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेले होते आणि चांपाचे कुष्ठरोग्यांचे केंद्र त्यांनी सुरू केले. मोलोच्नाकडचे अब्राहम फ्रीसन तर त्याही आधी, १८९० मध्ये, थेट रशियातून निजामाच्या राज्यातील नलगोंड्यास आले होते. या पुरुषांची नावे आम्हाला शाळेत असल्यापासून ठाऊक आहेत, पण त्यांच्याबरोबर तेच समुद्र ओलांडून आलेल्या बायका मिशनच्या बहुतेक हकिकतींत ‘मिसेस पेन्नर’ आणि ‘मिसेस फ्रीसन’च राहिल्या आहेत.

जुनी_बखर:

प्रवासाच्या सामानाबद्दल लिहायचे राहून गेले. निघण्यापूर्वी घराघरांतल्या बायका कित्येक दिवस ‘त्स्वीबाक’ भाजत. हे एकावर एक बसवलेले दोन गोळ्यांचे लहान पाव. भट्टीत पुन्हा कडकडीत वाळवले की ते महिनोन्महिने टिकतात. पोत्यांत भरून ही शिदोरी लाटव्हियाच्या सीमेपर्यंत आणि पुढे बोटीवरही पुरत असे. सीमेवरच्या लाल कमानीखालून गाडी सुटली की लोक डब्यात उभे राहून स्तोत्र म्हणत. पण काही आयांना ते स्तोत्र धड म्हणता आले नसेल, कारण पुढे डोळ्यांची तपासणी होती. खुपऱ्या आढळलेल्या उतारूला कॅनडात प्रवेश नव्हता. त्याला जर्मनीतील लेखफेल्ड किंवा इंग्लंडमधील साउदम्प्टनजवळच्या छावणीत उपचारासाठी ठेवून घेत आणि बाकीचे कुटुंब पुढे जाई. काही मुली अशा रीतीने महिनोन्महिने एकट्या राहिल्या. जहाजाच्या यादीत आई एका वर्षी आणि मुलगी दुसऱ्या वर्षी उतरलेली दिसली, तर बहुधा कारण डोळ्यांचेच असते.

सप्तपर्णी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांप्रमाणे काल पुन्हा पेटी उघडली. अक्षांश यांनी सांगितलेला १३ दिवसांचा फरक धरताच दोन निरनिराळ्या समजल्या गेलेल्या स्त्रिया एकच निघाल्या. आणि जुनी_बखर म्हणतात तशी पाकिटेही सापडली. पावत्या आजोबांच्या नावे आहेत आणि पाकिटांवर विनिपेगचा शिक्का आहे. बाईंनी ती वर्षाप्रमाणे टेबलावर मांडली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिल्या. ‘आईला गुरुवारी चहाला कोणी आलेले का आवडायचे, ते आज कळले,’ एवढेच त्या म्हणाल्या.

आता एक छोटी वही उरली आहे. ती जुन्या जर्मन हस्ताक्षरात, ज्याला ‘कुरेंट’ म्हणतात त्यात, लिहिलेली आहे. मोडी न शिकलेल्या माणसासमोर आजोबांचे दप्तर ठेवावे तशी माझी स्थिती झाली आहे. या धाग्यावर कोणाला ही लिपी वाचता येत असेल तर कृपया कळवावे. बाईंच्या परवानगीने पहिल्या पानाचे छायाचित्र खासगी निरोपातून पाठवीन. त्या पानावर वरच्या कोपऱ्यात आईने आपले माहेरचे आडनाव लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत, इतके मला स्वतःला वाचता आले.